जुना डिजिटल ऑसिलोस्कोप: देखभाल, दुरुस्ती आणि अपग्रेडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना स्कोप, म्हणजे विजेच्या सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या माणसांचे फोन आणि फोटो मला सतत येतात. कुणी डिप्लोमाचा विद्यार्थी असतो, कुणी इन्व्हर्टर दुरुस्त करणारा, तर कुणी निवृत्तीनंतर पुन्हा सोल्डरिंग आयर्न हातात घेतलेला. प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे. उदाहरणं जास्त करून दोन स्कोपची आहेत: टेकट्रॉनिक्सचा टीडीएस२१० आणि रिगॉलचा डीएस१०५४झेड. माझ्या टेबलावर हेच दोन सर्वांत जास्त येऊन गेले.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पडद्यावर जे दिसतंय त्यावर विश्वास ठेवता येतो का, हे आधी ठरवा. बँडविड्थ (किती मेगाहर्ट्झपर्यंतचा सिग्नल स्कोप नीट दाखवतो), मेमरी, नवा फॅन यांचा विचार त्यानंतर.

१. आम्ही कॉलेजात सीआरओ (पिक्चर ट्यूबचा जुना ॲनालॉग स्कोप) वापरला. डिजिटल स्कोपची देखभाल त्याहून वेगळी असते का?

हो. ठाण्याच्या अपलॅबसारख्या कंपन्यांचे सीआरओ ज्यांनी लॅबमध्ये वापरले, त्यांना आत पोटेन्शिओमीटर फिरवून ट्रेस (पडद्यावरची सिग्नलची रेघ) जागेवर आणायची सवय असते. डिजिटल स्कोपमध्ये असे फिरवायचे स्क्रू जवळजवळ नसतात. दुरुस्तीचे आकडे मेमरीत साठवलेले असतात, त्यामुळे ती मेमरी जपणं हाच देखभालीचा मोठा भाग (प्रश्न १३). दुसरा फरक असा की सीआरओ बिघडला की ट्रेस फुगतो, थरथरतो, नाहीसा होतो. डिजिटल स्कोप मात्र चुकीचा सिग्नलही स्वच्छ, रेखीव दाखवू शकतो. म्हणून प्रश्न ३ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. विकणाऱ्याकडे दहा मिनिटंच मिळणार आहेत. काय काय तपासू?

सोबत तीन वस्तू न्या: मल्टिमीटर, एक नवा पेन्सिल सेल आणि स्वतःचा चालू प्रोब (सर्किटमधला सिग्नल स्कोपपर्यंत आणणारी टोकदार वायर). लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची बुधवार पेठ असो किंवा कॉलेजच्या लॅबचं सामान निघालेलं असो, स्कोप चालू करून दाखवायला नकार मिळाला तर तो भंगाराच्या भावानेच घ्यायचा.

स्कोप चालू करा, चॅनल डीसी कपलिंगवर ठेवा आणि मल्टिमीटरने बीएनसीची (इनपुटच्या गोल कनेक्टरची) मधली पिन आणि बाहेरचं कडं यांच्यातला रेझिस्टन्स मोजा. साधारण १ मेगाओहम यायला हवा. प्रत्येक चॅनलचा आकडा लिहून घ्या. तीन चॅनल १ मेगाओहमच्या आसपास आणि चौथा ७०० किलोओहम दाखवत असेल, तर त्या चौथ्यावर कधीतरी जास्त व्होल्टेज येऊन गेलेलं आहे. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, तरी ती कुणी करताना मी फार क्वचित पाहिलं आहे.

मग काही न जोडता व्होल्ट-पर-डिव्हिजनचा नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक पायरी फिरवा. मधे काही ठिकाणी आतल्या रिलेचा टक् असा आवाज येतो. त्या आवाजाबरोबर ट्रेस वर किंवा खाली उडी मारून तिथेच राहत असेल, तर एक तर सेल्फ कॅल हवं (प्रश्न ८) किंवा रिले गेलेला आहे.

शेवटी पेन्सिल सेल. नवा अल्कलाईन सेल साधारण १.६ व्होल्ट दाखवतो. प्रोब १एक्सवर ठेवा (१एक्सवर सिग्नल तसाच येतो, १०एक्सवर त्याचा दहावा भाग). ५०० मिलिव्होल्टच्या रेंजवर (म्हणजे पडद्यावरच्या एका घराला ५०० मिलिव्होल्ट) ट्रेस तीन घरांच्या थोडा वर चढायला हवा, १ व्होल्टच्या रेंजवर दीड घराच्या थोडा वर. मल्टिमीटरच्या आकड्याशी ताडून पाहा. अशा स्कोपची उभ्या दिशेची अचूकता साधारण ३ टक्के असते, तेवढा फरक चालेल. हे सगळ्या चॅनलवर करा. एका चॅनलवर ठीक आलं म्हणून दुसरा गृहीत धरू नका.

३. जाहिरातीत १०० मेगाहर्ट्झ लिहिलंय. मग सॅम्पल रेट आणि मेमरी कशाला बघायची?

कारण १०० मेगाहर्ट्झ हा पुढच्या ॲनालॉग भागाचा आकडा आहे. त्यानंतर सिग्नलचे नमुने किती वेगाने घेतले जातात, ही निराळी गोष्ट. एचपी ५४६००ए हा १०० मेगाहर्ट्झचा स्कोप, पण एकदाच घडून जाणाऱ्या सिग्नलसाठी त्याचा सॅम्पल रेट सेकंदाला २ कोटी, म्हणजे २० मेगासॅम्पल. तोच तोच सिग्नल पुन्हा पुन्हा येत असेल तर थोडे थोडे नमुने जोडून तो पूर्ण चित्र उभं करतो, आणि सुरेख उभं करतो. रिले बंद होताना उठणारा एकुलता एक स्पाइक मात्र त्याच्या हातून निसटतो.

मेमरीचंही तसंच. टीडीएस२१० सेकंदाला १ अब्ज नमुने घेतो, पण साठवतो फक्त २,५००. पूर्ण वेगात ही नोंद अडीच मायक्रोसेकंदांची होते. डीएस१०५४झेडची मेमरी १ कोटी २० लाख नमुन्यांची आहे, म्हणजे त्याच वेगात १२ मिलिसेकंद. सीरियल पोर्टवरचा डेटा, मोटरचा स्टार्ट, पॉवर सप्लाय चालू होतानाचा क्षण अशा कामांत हा फरक डोळ्यांत भरतो. छोट्या मेमरीचा स्कोप टाइमबेस (आडव्या एका घराला किती वेळ) मोठा केला की नमुने विरळ घेतो, आणि मग ५ मेगाहर्ट्झचा सिग्नल पडद्यावर ५० हर्ट्झच्या शांत लाटेसारखा दिसू शकतो. शंका आली की टाइमबेस दोन-तीन पायऱ्या बदला. लाट प्रत्येक वेळी निराळी वारंवारता दाखवत असेल तर ती खरी नाही.

४. स्कोप मिळाला, पण प्रोब नाहीत. कुठलेही चालतील का?

कुठलेही नाही. जुन्या स्कोपवर पहिला खर्च करायचा तो प्रोबवरच. स्कोपच्या बँडविड्थपेक्षा थोडा जास्त मेगाहर्ट्झचा, १एक्स-१०एक्स स्विच असलेला प्रोब घ्या. घेण्याआधी स्कोपच्या बीएनसीजवळ छापलेली पिकोफॅरडची संख्या वाचा. प्रोबची कॉम्पेन्सेशनची मर्यादा त्या संख्येला सामावून घेणारी हवी.

नवा प्रोब लावला की तो पुढच्या एक किलोहर्ट्झच्या चौकोनी सिग्नलला जोडा आणि छोट्या प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने ट्रिमर फिरवा. चौकोनाचा माथा सपाट झाला पाहिजे, कोपरे टोकदारही नकोत आणि गोलही नकोत. प्रोब दुसऱ्या चॅनलवर नेला की हे पुन्हा करायचं. लोक हे विसरतात आणि मग सर्किटमध्ये नसलेला ओव्हरशूट (कडेवर उठणारी जास्तीची उसळी) शोधत बसतात.

१एक्सवर प्रोबची बँडविड्थ ६ मेगाहर्ट्झच्या आसपासच उरते, मग स्कोप कितीही मोठा असो. रिपल (डीसीवरची बारीक लहर) बघताना १एक्स, बाकी जवळजवळ सगळीकडे १०एक्स.

५. आमच्या घरात अर्थिंग धड नाही. तिसरी पिन काढून स्कोप चालवला तर?

चालवू नका. प्रोबची मगर-क्लिप, बीएनसीचं कडं, आतली धातूची पेटी आणि प्लगची अर्थ पिन हे सगळं एकमेकांना थेट जोडलेलं असतं. पिन काढली की क्लिप जिथे लावाल तो व्होल्टेज स्कोपच्या सगळ्या उघड्या धातूवर येतो. तुमचा एक हात नॉबवर आणि दुसरा सर्किटवर असतो.

जुन्या वाड्यांत आणि गावच्या घरांत मी आणखी एक प्रकार पाहिला आहे. अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून दिलेले असतात. ती न्यूट्रल कुठेही सुटली की स्कोपची बॉडी थेट फेजवर जाते. सॉकेट उघडून हे बघून घ्या. वायरमनकडून योग्य अर्थिंग करून घ्या, आणि मीठ-कोळशाचा जुना खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला विसरू नका. सुकलेल्या खड्ड्याचं अर्थिंग नावापुरतंच राहतं.

६. मग २३० व्होल्टचा मेन्स किंवा एसएमपीएसची (स्विचिंग पॉवर सप्लायची) प्रायमरी, म्हणजे मेन्सकडची, बाजू स्कोपवर कशी बघायची?

उत्तम मार्ग डिफरन्शियल प्रोबचा (कुठलंही टोक अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक दाखवणारा प्रोब). इन्व्हर्टर, मोटर ड्राइव्ह, इंडक्शन शेगडी अशी कामं रोज करणार असाल तर मेमरी किंवा बँडविड्थवर पैसे घालण्याआधी तो घ्या.

तो नसेल तर दोन प्रोब १०एक्सवर, दोन्ही ग्राउंड क्लिपा काढून बाजूला, आणि मॅथमध्ये पहिला वजा दुसरा. यात एक अडचण आहे. २३० व्होल्टचं शिखर सव्वातीनशे व्होल्टला जातं, म्हणजे खालपासून वरपर्यंत ६५० व्होल्ट. टीडीएस२१० वर सर्वांत मोठी रेंज ५ व्होल्ट, १०एक्सवर ५०. आठ घरांत ४०० व्होल्टच मावतात. लाटेचे माथे कापले जातात आणि वजाबाकी चुकते. त्याला १००एक्सचा प्रोब हवा. डीएस१०५४झेडची रेंज १० व्होल्टपर्यंत जाते, तिथे बसतं. दोन्ही बाबतींत प्रोबच्या अंगावर लिहिलेली व्होल्टेजची मर्यादा आधी वाचा.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरायचा तर तो तपासायच्या सर्किटला लावायचा, स्कोपला कधीच नाही. स्कोपला लावला की आपण प्रश्न ५ मधल्या धोक्यात परत येतो.

७. सर्किट साध्या अडॅप्टरवर चालतं, बारा व्होल्टच आहेत. तरी ग्राउंड क्लिप लावताना बारीक ठिणगी उडते. का?

दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यामुळे आउटपुटची दोन्ही टोकं जमिनीच्या तुलनेत बऱ्याच वरच्या एसी व्होल्टेजवर तरंगतात. करंट अगदी क्षुल्लक, पण क्लिप टेकवताना तो अर्थमध्ये उतरतो. तुम्हाला इजा होत नाही. नाजूक एमसीयूची (मायक्रोकंट्रोलरची) पिन मात्र अशा क्षणी गेलेली मी पाहिली आहे. म्हणून आधी ग्राउंड क्लिप लावायची, मग अडॅप्टर चालू करायचा.

याच्या उलट बाब लॅपटॉपची. बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर आहे आणि लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा आहे, तर बोर्डाचा ग्राउंड आधीच अर्थला जोडलेला असतो. अशा वेळी स्कोपची क्लिप बोर्डाच्या ५ व्होल्टवर चुकून टेकली तरी थेट शॉर्ट.

८. सेल्फ कॅलिब्रेशन कधी आणि कसं करायचं?

स्कोप निदान अर्धा तास चालू ठेवा. सगळे प्रोब आणि केबल काढा. मग युटिलिटी मेनूतून सेल्फ कॅल चालवा. संपेपर्यंत नॉबला हात लावू नका आणि लाईट जाणार नाही अशी वेळ निवडा. प्रोब लावलेले राहिले तर खोलीतली गुणगुण स्कोप आपलीच चूक समजतो आणि तिच्याप्रमाणे स्वतःला दुरुस्त करून ठेवतो.

ऋतू बदलला, खोलीचं तापमान पाच-सात अंशांनी हललं, फर्मवेअर बदललं किंवा फॅन बदलला की करा. दर आठवड्याला करायची गरज नाही. सेल्फ कॅल फेल असा संदेश आला तर दहा वेळा पुन्हा चालवू नका. आधी पॉवर सप्लायचे व्होल्टेज मोजा (प्रश्न १२).

९. सेल्फ कॅल केलं म्हणजे स्कोप कॅलिब्रेटेड झाला ना?

नाही. सेल्फ कॅलमध्ये स्कोप स्वतःच्या आतल्या संदर्भाशी जुळवून घेतो. तो संदर्भच सरकलेला असेल तर स्कोपला ते कळत नाही. बाहेरच्या प्रमाणित साधनाशी ताडून मिळतं ते कॅलिब्रेशन. कारखान्याच्या ऑडिटसाठी किंवा ग्राहकाला द्यायच्या रिपोर्टसाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र लागतं. घरच्या कामासाठी पेन्सिल सेलची तपासणी, चांगला मल्टिमीटर आणि १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर मॉड्यूल पुरतो. त्या मॉड्यूलचा सिग्नल मोजून वर्षातून एकदा वहीत आकडा लिहा.

१०. कोकणात राहतो. पावसाळ्यात स्कोपचं काय करू?

हा प्रश्न दर जूनमध्ये येतो, आणि तो यायलाच हवा. दमट, खारट हवेत सर्वांत आधी बीएनसीची कडी काळी पडतात, मग बटणांखालचा रबर चिकट होतो, मग आतल्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर येतो.

आठवड्यातून दोनदा अर्धा तास स्कोप चालू ठेवा. आतली ऊब हाच सर्वांत स्वस्त इलाज आहे. महिनाभर वापरणार नसाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आंचेवर सुकवून पुन्हा वापरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत जेलशिवाय गुंडाळून ठेवणं सर्वांत वाईट; आतली ओल आतच कोंडते. बीएनसीवर प्लॅस्टिकच्या टोप्या बसवा.

जाळीच्या फटींतून पालीची पिल्लं आणि झुरळं आत जातात. एसएमपीएसच्या ४०० व्होल्टच्या कपॅसिटरवर आडवी पडलेली पाल आणि तिच्या बाजूला काळा झालेला ट्रॅक मी एकाहून जास्त स्कोपमध्ये पाहिला आहे. फटींना आतून बारीक नायलॉनची जाळी लावा, पण हवेला अडवेल इतकी दाट नको. कीटकनाशकाचा फवारा स्कोपजवळही मारू नका.

११. नॉब एक घर फिरवला तर तीन घरं उडी मारतो, कधी उलटा जातो. बदलावाच लागेल का?

बहुतेक वेळा नाही. आतल्या एन्कोडरचे संपर्क मळलेले असतात. स्कोप बंद करून प्लग काढा, नॉब ओढून घ्या, दांड्याच्या मुळाशी आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा आणि दोन्ही दिशांनी पन्नास-साठ वेळा फिरवा. पूर्ण सुकल्यावर पाहा. फरक पडला नाही तर एन्कोडर बदला. त्याच्या पायऱ्यांची संख्या आणि दांड्याची लांबी जुळवून घ्या. चिकट रबराची बटणं कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतात, पण काळ्या कार्बनच्या ठिपक्यांवर घासायचं नाही.

१२. स्कोप उघडला तर सडक्या माशासारखा वास आला. हे काय?

कपॅसिटर गळले आहेत. १९९० च्या दशकातल्या अनेक यंत्रांत, टेकट्रॉनिक्सच्या टीडीएस४००, ५०० सारख्या मालिकांतही, बोर्डाला चिकटून बसणारे छोटे ॲल्युमिनियमचे कपॅसिटर आहेत. त्यांच्यातला द्रव हळूहळू बाहेर येतो आणि तांब्याचे ट्रॅक खातो. ओळखायची खूण: आजूबाजूचं सोल्डर चकाकी जाऊन राखाडी झालेलं असतं, आणि आयर्न टेकवला की वास उठतो.

उघडण्याआधी प्लग काढून थांबा. एसएमपीएसचा मोठा कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा आणि मल्टिमीटरने खात्री करा. पडदा काचेच्या पिक्चर ट्यूबचा असेल तर तिथे काही हजार व्होल्ट असतात. त्या भागाची माहिती नसेल तर हात घालू नका.

गळका कपॅसिटर काढताना जोर लावला की खालचा पॅड उखडतो. दोन आयर्न एकाच वेळी दोन्ही पायांना लावा, ताजं सोल्डर आणि फ्लक्स घाला आणि तो स्वतःहून सुटेपर्यंत वाट पाहा. मग त्याहून महत्त्वाचं काम: बोर्ड धुणं. अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दोन-तीनदा घासा, कपॅसिटरच्या खालची जागा पांढऱ्या कापडाच्या बोळ्याने पुसा. बोळा पिवळा येणं थांबेपर्यंत धुवा. न धुता नवे कपॅसिटर बसवलेला बोर्ड काही महिन्यांत परत येतो. शेवटी भिंग घेऊन ट्रॅक तपासा आणि सप्लायचा प्रत्येक व्होल्टेज मोजा.

१३. आत ‘डॅलस’ लिहिलेला जाड काळा ठोकळा आहे. त्याची बॅटरी संपली तर?

टीडीएस५०० ते ७०० या मालिकांतल्या बऱ्याच स्कोपमध्ये अशी मेमरी असते. ठोकळ्यातच लिथियम सेल घालून तो बंद केलेला असतो. निर्मात्याची हमी वीज नसताना निदान १० वर्षं माहिती टिकण्याची, आणि हे स्कोप आता त्याच्या कितीतरी पुढे गेलेले आहेत. सेल संपला की काही मॉडेलमध्ये कॅलिब्रेशनचे आकडे जातात. ते परत टाकायला महागडी साधनं लागतात.

म्हणून स्कोप अजून नीट सुरू होतोय तोवर नक्कल काढा. काही मॉडेलमध्ये ती जीपीआयबीवरून (उपकरणं कॉम्प्युटरला जोडायच्या पोर्टवरून) निघते, नाहीतर ठोकळा काढून प्रोग्रॅमरवर वाचावा लागतो. एकदा वाचून थांबू नका. दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत का ते पाहा. मगच नवा ठोकळा, आणि तो सॉकेटवर बसवा. काढलेला जुना ठोकळा फेकू नका, नक्कल जिथे जपता तिथेच ठेवा.

तुमच्या स्कोपमध्ये साधा नाण्यासारखा सेल असेल आणि तारीखच चुकत असेल, तर घाबरायचं कारण नाही. तिथे बहुधा फक्त घड्याळ थांबलेलं असतं.

१४. पडदा अंधूक झालाय, सुरू होताना गुलाबी दिसतो. एलईडी बॅकलाइट घालता येईल?

येईल. गुलाबी झाक ही आतल्या बारीक फ्लोरोसंट नळीच्या म्हातारपणाची खूण. टीडीएस२१० मध्ये अशीच नळी आहे. ती काढून एलईडीची पट्टी आणि छोटा ड्रायव्हर बसवणारे बरेच आहेत. नळीचा इन्व्हर्टर मात्र पूर्ण काढा किंवा त्याचा सप्लाय तोडा; त्यावर शेकडो व्होल्ट असतात.

एक तपासणी न चुकता करा. काम करण्याआधी इनपुटला काही न जोडता सर्वांत बारीक रेंजवर ट्रेस किती जाड दिसतो, त्याचा फोटो काढा. एलईडी बसवल्यावर तोच फोटो पुन्हा काढा. स्वस्त ड्रायव्हरचा विजेचा गोंगाट (नॉइज) ट्रेसमध्ये उतरतो आणि रेघ जाड होते. तसं झालं तर ड्रायव्हर बदला किंवा त्याला फिल्टर लावा. पडदा उजळ आणि ट्रेस मळका, असा सौदा परवडत नाही.

१५. फॅनचा आवाज असह्य आहे. शांत फॅन लावू का?

डीएस१०५४झेडबद्दल हे सर्वांत जास्त विचारलं जातं. लावा, पण नव्या फॅनवर छापलेला हवेचा आकडा जुन्याच्या जवळपास हवा. आधी आणि नंतर, एक तास चालल्यावर मागच्या जाळीतून येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. तीन-चार अंशांपेक्षा जास्त वाढलं तर फॅन अपुरा आहे. बदलल्यावर सेल्फ कॅल (प्रश्न ८). फॅनची दिशा पाहून बसवा. त्यावर बाण असतो.

१६. फर्मवेअर अपडेट करावं का?

तुम्हाला त्रास देणारी एखादी चूक नव्या आवृत्तीत दुरुस्त झाली असेल तर करा. सगळं नीट चालू असेल तर फक्त नवीन आहे म्हणून करू नका. फाइल निर्मात्याच्या साइटवरूनच घ्या, आणि मॉडेलबरोबर हार्डवेअरची आवृत्तीही जुळते का ते पाहा. पेनड्राइव्ह छोटा आणि एफएटी३२ फॉरमॅटचा ठेवा. स्कोप यूपीएसवर लावा. अपडेटच्या मधोमध लाईट गेली तर स्कोप सुरूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते. जुन्या आवृत्तीकडे परत जाता येतं की नाही, हे आधी वाचून घ्या. बऱ्याच वेळा येत नाही.

१७. पन्नास मेगाहर्ट्झचा स्कोप शंभरचा होतो असं ऐकलं. करू का?

काही मॉडेलमध्ये दोन्ही बँडविड्थसाठी हार्डवेअर एकच असतं आणि फरक सॉफ्टवेअरमधला असतो. रिगॉलचा जुना डीएस१०५२ई यामुळेच जगभर माहीत झाला, नंतर डीएस१०५४झेड. जास्त बँडविड्थ खुली करणारी सॉफ्टवेअरची किल्ली (कोड) निर्मात्याकडून विकत घेता येत असेल तर ती घ्या. इंटरनेटवर फिरणाऱ्या किल्ल्या वापरल्या की वॉरंटी जाते आणि परवान्याचा भंग होतो. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या स्कोपवर तर हे करूच नये, कारण त्या स्कोपच्या रिपोर्टखाली दुसऱ्याची सही असते.

नैतिक बाजू सोडली तरी फायदा किती, तेही पाहा. डीएस१०५४झेडमध्ये एका चॅनलवर सेकंदाला १ अब्ज नमुने मिळतात, दोन चॅनलवर निम्मे, तीन किंवा चार चालू केले की २५ कोटी. चार चॅनल चालू ठेवून १०० मेगाहर्ट्झचा सिग्नल बघायचा तर एका लाटेत अडीच नमुने. त्यातून उभं राहणारं चित्र बरंचसं अंदाजाचं असतं.

१८. बँडविड्थ खरंच किती आहे, हे घरी कसं मोजू?

चढत्या कडेवरून. ०.३५ भागिले राइझ टाइम (कड खालून वर चढायला लागणारा वेळ) म्हणजे बँडविड्थ. १०० मेगाहर्ट्झला साडेतीन नॅनोसेकंद, ५० ला सात, टीडीएस२१० च्या ६० ला सुमारे ५.८.

७४एसी१४ या आयसीचा एक छोटा ऑसिलेटर बनवा, आयसीच्या पायांनाच सिरॅमिक कपॅसिटर लावा आणि आउटपुट अगदी आखूड कोॲक्सने, स्कोपच्या टोकाला ५० ओहमचा टर्मिनेटर (केबलच्या टोकाचा रेझिस्टर) लावून जोडा. मगर-क्लिपच्या वायरने केलंत तर वायरच मोजली जाईल. समजा स्कोपने ३.९ नॅनोसेकंद दाखवले आणि तुमच्या ऑसिलेटरच्या कडेचा स्वतःचा राइझ टाइम १.५ आहे. दोघांचे वर्ग करा, १५.२१ वजा २.२५, उरले १२.९६, त्याचं वर्गमूळ ३.६. म्हणजे बँडविड्थ ९७ मेगाहर्ट्झ. ही चाचणी एकच चॅनल चालू ठेवून करा. कारण प्रश्न १७ मध्ये आहे.

१९. टीडीएस२१० ला यूएसबी नाही. आलेख कॉम्प्युटरवर कसा न्यायचा?

त्याच्या मागे एक्स्टेंशन मॉड्यूलची खाच असते. टीडीएस२सीएम हे मॉड्यूल सीरियल पोर्ट, जीपीआयबी आणि प्रिंटर पोर्ट देतं; टीडीएस२एमएम त्यात एफएफटीची (सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या करून दाखवण्याची) भर घालतं. माझ्या मते या स्कोपचं हेच एकमेव खरं अपग्रेड. मॉड्यूल स्कोप बंद असतानाच बसवायचं. मग नल-मोडेम केबल, यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर आणि पायथॉनच्या दहा ओळी. दोन्हीकडे बॉड रेट (सीरियल पोर्टचा वेग) सारखा नसेल तर फक्त कचरा येतो, त्यामुळे आधी तो तपासा.

२०. एकच चॅनल गेलाय. दुरुस्त करू की दुसरा स्कोप घेऊ?

आधी ५० ओहमचा पर्याय असलेला स्कोप आहे का ते पाहा. त्या स्थितीत इनपुट ५ व्होल्टच्या आसपासच सहन करतो, आणि कुणीतरी त्यावर २४ व्होल्ट लावलेले असतात. तसं असेल तर टर्मिनेटरचे रेझिस्टर जळलेले सापडतात आणि दुरुस्ती सोपी असते. १ मेगाओहमच्या बाजूचा रिले किंवा पहिला बफर गेला असेल तर चालू चॅनलवरचे व्होल्टेज एकेक करून बंद चॅनलशी ताडत जा. दोन चॅनल हुबेहूब सारखे असतात, हाच तुमचा सर्किट डायग्राम. त्यापुढची निर्मात्याने स्वतःसाठी बनवलेली चिप गेली असेल तर ती बाजारात मिळत नाही. मिळाली तरी ती दुसऱ्या मेलेल्या स्कोपमधूनच काढलेली असते.

माझा हिशेब असा: सुटे भाग, प्रोब आणि दुरुस्ती धरून खर्च नव्या चार चॅनलच्या साध्या स्कोपच्या निम्म्यापुढे जात असेल तर दुरुस्ती सोडा. चालू असलेला एक चॅनल, ट्रिगर आणि चांगला सप्लाय असेल तर तो स्कोप एखाद्या शिकणाऱ्या मुलाला द्या, आणि बंद चॅनलच्या बीएनसीवर लाल टेप लावून द्या.